तीन आखूड, एक लांब

खामणवाडी,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आबा,

समोर असते तर वाकून नमस्कार केला असता. पण मला बघितलं की तुम्ही गोठ्याचं दार लावून घेता, म्हणून इथूनच करते. तुमची शुगर, आईचा गुडघा आणि शेवंतीची कास, तिन्हींची खबर आई फोनवर देते. इकडं आत्या ठीक आहे. पाऊस ओसरला, धरण काठोकाठ भरलंय, भात निसवलंय.

आता बातमी. काल संध्याकाळी आत्या दारात म्हशीची धार काढत असताना मी बोट काठाजवळून नेली. रिकामी नाही, मागं दोरीला धरून फळीवर माणूस उभा असताना नेली. म्हशीनं पान्हा चोरला नाही. आत्यानं मान वर केली नाही. धार संपल्यावर तिनं विचारलं, "आगं, कवा यायची हाय ती बोट?" दूध संस्थेचे चेअरमन पिराजीकाका मुद्दाम तिथंच उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "गेली की वयनी. दोनदा गेली." म्हणजे बातमी पक्की आहे, आणि गावाच्या वतीनं पक्की आहे.

एप्रिलमध्ये गावानं मला बजावलं होतं की बोटीच्या आवाजानं काठावरच्या म्हशी पान्हा चोरतात, आवाज बंद कर, नाहीतर बोट बंद कर. मी म्हटलं, शहरातून आवाज मोजायचं यंत्र आणते. पिराजीकाका म्हणाले, "यंत्र काय दूध घालतंय व्हय डेरीला? म्हशीला इचारा." म्हशीला विचारलं, म्हशीचा होकार आला. पाटबंधारेचा परवाना आधीपासून आहे. गाव राजी आहे. राहिलात तुम्ही.

तुमच्या लेकाकडून, यशराजकडून, तुमचा निरोप मिळाला. "धरणानं जमीन न्हेली, बोटीनं म्हस न्हेली. पाडव्याच्या आत माझ्या तुकड्यावरनं ती बोट उचल." निरोप पोचला, आबा. बोट उचलणार नाही.

तुकडा तुमचा आहे हे मी नाकारत नाही. बाकीची सगळी जमीन पाण्याखाली गेल्यावर वर राहिलेली ती चिंचोळी पट्टी, आणि तिच्या टोकाला माझा धक्का. तुम्ही हवं तर येऊन दोर सोडा. पण यशराजला पाठवू नका. दोर सोडायचा तर तुम्ही स्वतः सोडा, आणि त्याआधी एकदा बोट ऐका. ऐकू येणार नाही, तरी ऐका.

तुम्ही तिला फिरायची बोट म्हणता. ती फिरायची नाही, ओढायची आहे. ट्रॅक्टर उसाची ट्रॉली ओढतो तशी ही माणूस ओढते. दोरीला धरून तो पाण्यावर फळीवर उभा राहतो, पडतो, हसतो, पुन्हा उभा राहतो. त्यासाठी इंजिन दमदार लागतं. इंजिन मोटारीच्या जातीचंच. ते धरणाचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि तेच पाणी धुराबरोबर मागच्या दोन नळ्यांतून बाहेर टाकतं. या नळ्या पाण्याच्या वर उघडतात. बोट गोव्याहून आली तेव्हा त्यांच्यावर मूळचे सायलेन्सर होते, आणि तेव्हासुद्धा आत्याची म्हैस थोडी कुरकुरायचीच. पुढं ते काढून तिथं सरळ पुंगळ्या बसवल्या गेल्या. मग काय, आवाज समोरच्या डोंगरावर आपटायचा आणि परत येऊन मागच्या डोंगरावर आपटायचा.

उन्हाळ्यात मी बोट काठावर ओढली आणि पुंगळ्या कापून काढल्या. अनेकांत मगदूम तुम्हाला आठवत असेल. डिप्लोमाला माझ्या वर्गात होता, उद्यमनगरात त्यांचा डेरीची भांडी करायचा कारखाना आहे. त्याच्या शेडमध्ये आम्ही दोन्ही नळ्या एका पिंपात आणल्या. पिंपात पाणी साठतं, धूर त्यातून गुडगुडत जातो आणि आवाज तिथंच निम्मा मरतो. पिंपातून निघालेली एकच नळी बोटीच्या तळाखालून पंख्याच्या मागं पाण्यात उघडायची ठेवली. धूर आणि आवाज दोन्ही पंख्याच्या फेसात गेले पाहिजेत, असा हिशोब.

पहिल्या दिवशी बोट चालली झकास. काठाला येऊन इंजिन बंद केलं, आणि ती नळी उलटं पाणी ओढून घेऊन थेट इंजिनात भरली. सगळं इंजिन खोलून पुसत बसले. अनेकांत म्हणाला, "पाजायचं थांबव आता. ही काय दूध द्यायची न्हाई." मग आम्ही नळी आधी वर चढवली, बैलाच्या वशिंडासारखी, आणि तिथून खाली उतरवली. वशिंडाच्या माथ्यावर एक बारीक भोक ठेवलं, इंजिन थांबलं की नळीनं पाण्याऐवजी हवा ओढावी म्हणून. तेव्हापासून एक थेंब आत आलेला नाही. शिवाय मागं बसणाऱ्यांची डोकी चढायची, तेही थांबलं. तो धूर विषारी असतो, आबा. आवाजाच्या नादात त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

यशराज सगळीकडं सांगत फिरतोय म्हणे, "आवाज न्हाई तर दम कसला?" त्याला सांगा, शंभर किलोचा अनेकांत फळीवर उभा राहिला आणि बोटीनं त्याला पाण्यावरून ओढत नेला. घाबरून जो काय आवाज झाला तो अनेकांतचाच.

आणि ते पिंप म्हणजे काय, ते माझ्याकडूनच ऐका. तुमचा जुना चाळीस लिटरचा स्टीलचा दुधाचा कॅन. झाकणावर तुमचं नाव कोरलेला. आईनं माळ्यावरून काढून दिला. रागवायचं तर तिच्यावर रागवा. ती म्हणते, "रागवू देत की. मी काय म्हस हाय व्हय, दार लावून घेतल्यावर गप बसायला?"

माझ्या बोटीवर मागून मारलेली हाक पुढं ऐकू आली पाहिजे. माझा हट्ट एवढाच होता, आणि तो मी पुरा केला.

आता गुलछडीबद्दल.

तुम्ही मुलीचं नाव निशिगंधा ठेवलंत, आणि मी डिप्लोमाला असताना दावणीला आलेल्या रेडीचं गुलछडी. फूल एकच. हाका मात्र तिला जास्त मिळाल्या. मला त्याचा राग नव्हता. हाक मारली की ती येत होती, मी येत नव्हते.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या गल्लीच्या सगरीत सजवलेल्या म्हशी पळायच्या, त्यात ती पहिली असायची. शिंगांना रंग, कपाळावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. पुढं यशराज सायलेन्सर काढलेल्या गाडीवर. गाडी रेस करायची त्याची रीत ठरलेली, तीन आखूड, एक लांब. दहा गाड्या एकदम कानठळ्या बसवत असल्या तरी गुलछडी त्या एकाच आवाजामागं धावायची. दोन्ही बाजूंना फटाक्यांच्या माळा लागलेल्या असायच्या आणि तिचा कान हलायचा नाही. लोक तुम्हाला विचारायचे, "आकारामदा, काय चारताय हिला?"

अशी म्हैस बोटीच्या आवाजाला भेदरली, पाण्यात शिरली आणि बुडाली, असं गाव म्हणतं. यशराज म्हणतो. आणि साऱ्या कोल्हापुरात तिला सर्वांत जास्त ओळखणारे तुम्ही, तुम्हीसुद्धा म्हणता.

ती भेदरली नव्हती. मी तिथं होते. आज एवढंच लिहिते.

हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर पाठवतेय. चष्मा लावून स्वतः वाचा. यशराजकडून वाचून घेऊ नका. उत्तर नको, या.

बोट जागची न हलवलेली,
तुमची निशिगंधा


खामणवाडी,
शनिवार, ११ ऑक्टोबर

यश,

मोबाईलवर लिहिलं असतं तर निळी खूण न उमटवता वाचून गप्प बसला असतास. म्हणून कागद. पाकीट फाडलं की फाडलेलं दिसतं.

आबांनी माझं पत्र वाचलं. आई सांगत होती, दोनदा वाचलं आणि मग गोठ्यात जाऊन शेवंतीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. संध्याकाळी त्यांनी तुला विचारलं, "ती भेदरली नव्हती तर पाण्यात कशाला शिरली?" तू म्हणालास, "तिलाच इचारा."

तिलाच म्हणजे कुणाला रे? मला, की गुलछडीला?

तुझ्यावर ओरडायला हे लिहीत नाही. ओरडून झालंय माझं. मार्चमध्ये त्या चिखलात बसून तू माझे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालास, "अक्का, आबांना सांगू नको, ते मला परत सगरीत गाडी काढू देणार न्हाईत." एवढा दाढीमिशीवाला माणूस लहान पोरासारखा रडत होता. मी हो म्हटलं. मला वाटलं, चार दिवसांत तू स्वतःच सांगशील. तू सांगितलंस ते भलतंच. बोटीच्या आवाजाला भेदरली म्हणालास. आणि आवाज कसा झाला, पुंगळ्या कुणी बसवल्या, ते गिळलंस. मीही गिळलं. तोवर ठीक होतं, कारण त्यात आबांच्या शिव्या मला बसत होत्या, आणि मला त्यांची सवय आहे.

पण आता ते मला बोट हलवायला सांगतायत. आणि निरोप घेऊन येतोस तू. धक्क्यावर उभा राहून, माझ्याकडं न बघता, पाठ केल्यासारखा म्हणून दाखवलास. निरोप संपल्यावर तू बोटीच्या मागच्या बाजूला वाकून बघत होतास, पुंगळ्या कुठं गेल्या म्हणून. मी बघितलं तुला बघताना.

भंगारात गेल्या. त्यांच्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर समोर येऊन विचार.

ती बोट मी कुणाच्या जिवावर आणलेली नाही. पुण्याची नोकरी सोडली तेव्हा गल्लीत काय काय बोललं गेलं, ते तूच मला हसून सांगत होतास. "आकारामाची पोरगी नावाडी झाली." झाले. आता तीच पोरं सुट्टीत इथं येऊन फळीवर उभी राहतात आणि तोंडावर आपटतात. आत्याच्या हातचं जेवायला थांबतात. चिमणाबाई आणि तिच्या दोन्ही सुना भाकऱ्या थापायला येतात. तुला खरं बोलायची भीती वाटते म्हणून हे सगळं मी पाडव्याच्या आत गुंडाळून ठेवू?

नाही ठेवत.

वसुबारस शुक्रवारी आहे. त्या दिवशी आई गाय-वासराची पूजा करील, आणि आपल्या घरात गाय नाही म्हणून दरवर्षीप्रमाणे म्हशीलाच कुंकू लावील. आबा शेवंतीच्या पुढं हात जोडतील. शेवंती कुणाची पोर आहे हे तुला वेगळं सांगायला नको. त्या वेळेपर्यंत तू आबांना सांग. नाही सांगितलंस तर मी लिहीन, आणि काही गाळणार नाही.

ही धमकी आहे. दुसरं काही समजू नकोस.

तुझी थोरली बहीण,
निशिगंधा

ता. क. ताटात निरांजन तयार आहे. भाऊबीजेला तू आलास तर ओवाळीन, हे ठरलेलं. सांगितलंस तरी आणि नाही सांगितलंस तरी.


खामणवाडी,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

ती. आबा,

यशराज काल दुपारपासून इथं आहे. तो कामासाठी बिद्रीला जातोय असं तुम्हाला सांगून निघाला होता, पण पिराजीकाकांनी तुम्हाला फोन करून खरं काय ते कळवलंच असेल. त्यांच्या पोटात दूध राहतं, बातमी राहत नाही. तो आत्ता माझ्यासमोर ओट्यावर बसून चहा पितोय आणि मी हे लिहितेय. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्याला वाचून दाखवायचं, असं ठरलंय.

काल आल्यावर तो घरात आला नाही. तासभर धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसला. आत्या मला म्हणाली, "ह्येला काय झालंय गं? जेवाय उठंना." मी म्हटलं, बसू दे. मग तो स्वतःच उठला आणि बोटीत मागं जाऊन बसला. मी दोर सोडला, इंजिन चालू केलं. त्यानं कान दिला, मग खाली वाकून पाण्यात बघितलं, बुडबुडे येतात का म्हणून. मी बोट पाण्याच्या मध्यावर नेली आणि चांगली पळवली. तो मागच्या टोकाला, मी पुढं चाकावर, आमच्यात सगळी बोट. आणि तो बोलला, ओरडून नाही, घरात बोलतो तसा.

"अक्का, थांब."

मला ऐकू आलं. मी थांबवली.

मग त्यानं वाकून ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं. नंतर म्हणाला, "मला न्हाई जमायचं आबांसमोर. तू लिही. पन माझ्यासमोर लिही." तेव्हा लिहिते.

मार्चमधल्या त्या रविवारी बोट यशराज चालवत होता. आदल्याच आठवड्यात त्यानं मूळचे सायलेन्सर काढून तिथं पुंगळ्या बसवल्या होत्या. गाडीला ज्याच्याकडून करून घेतो त्याच्याकडूनच करून आणल्या, त्याच मापाच्या. मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "अक्का, कोल्हापूरच्या मानसाला कळाय नको व्हय, बोट हाय म्हनून?" मी मागं तोंड करून बसले होते. फळीवरच्या माणसावर नजर ठेवायला एकजण असा उलटा बसतोच, चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. फळीवर आदिती नावाची एक कॉलेजची मुलगी होती. ती पडली, तिला जवळच्या बेटावर सोडलं, आणि आम्ही दोर गोळा करत होतो. काठावर तुमच्या गल्लीतली पोरं उभी होती. ती ओरडली, "यशदा, एक हून जाऊ दे की!"

त्यानं चाक सोडलं नाही, पण हात सवयीनं चालला. तीन आखूड, एक लांब.

गुलछडी आत्याच्या दारात बांधलेली होती. भाकड झाली म्हणून तुम्हीच तिला मोकळ्या हवेला इथं पाठवली होतीत. ती इथं आहे हे यशराजला माहीत नव्हतं असं नाही. पण तो तेव्हा गाडीवर नव्हता, बोटीवर होता, त्यामुळं त्याच्या ध्यानात आलं नाही. एवढीच चूक आहे, आबा, आणि ती आपल्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कुणाच्या म्हशीला आवाजाचं असलं वळण नाही.

तिनं दावं तोडलं. म्हातारी म्हैस, पण सरळ चालत आली आणि पाण्यात शिरली. (इथं यशराज म्हणाला, "शिरली न्हवं. आली. आली लिही." तर, आली.) मान वर करून, नाक पाण्याच्या वर ठेवून, बोटीच्या मागं पोहत आली. मी उलटी बसले होते म्हणून मला दिसली. मी ओरडले. यशराज माझ्यापासून दोन हातांवर होता आणि त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याचा शर्ट ओढला. त्याला वाटलं, मी खूश होऊन ओढतेय. तो मागं न बघता हसला, आणि त्यानं पुन्हा तसंच केलं. तीन आखूड, एक लांब. बोट वळली. तीही वळली. बोट लांब गेली की ती थांबून बघायची, जवळ आली की पुन्हा निघायची. आमच्याच लाटा तिच्या नाकावरून जात होत्या.

मी पुढं झेप घेतली आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. तेव्हा काठावरचा आत्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. ती मघापासून ओरडत होती. आम्ही वळून बघितलं तेव्हा पाणी सपाट होतं.

यशराजनं बोटीवरून उडी टाकली हे मी मुद्दाम लिहिते. त्याला ते लिहायला नको होतं. अंधार पडेपर्यंत तो पाण्यातून बाहेर आला नाही. शेवटी पिराजीकाकांनी आणि मी त्याला ओढून काढला.

भेदरली असं सांगितलं, कारण ते ऐकायला सोपं होतं. भीतीनं गेली म्हटलं की दोष आवाजाचा, बोटीचा, माझा. ती आपल्या माणसानं बोलावलं म्हणून आली, हे तुम्हाला सांगायची आम्हा दोघांची छाती झाली नाही. मला वाटायचं, ते ऐकून तुम्ही पुन्हा दावणीकडं जाणार नाही. पण तुम्ही मला बोट हलवायला सांगितलंत, आणि मग मला कळलं की तुमची राखण करताना मी माझ्याच बोटीखालचं पाणी सोडतेय. ते मी करणार नाही.

आता कळलं असेल, मागून मारलेली हाक पुढं ऐकू यावी हा माझा हट्ट कुठून आला. गावाच्या म्हशींसाठी मी ते पिंप केलं हे खरं, पण त्यांच्यासाठी आधी नाही केलं.

पुढची ओळ यशराजची. पेन त्याच्या हातात देते.

*आबा, अक्कानं लिवलंय त्ये सगळं खरं हाय. मीच बोलावली तिला. यश.*

पेन परत माझ्याकडं.

त्यानं आणखी एक ठरवलंय, आणि ते तुम्हाला तो स्वतः सांगणार होता, पण चहा संपला तरी नुसता कप फिरवतोय, म्हणून मीच सांगते. येत्या बुधवारी पाडव्याला सगरीत तो शेवंतीला काढणार आहे, तुम्ही काढू दिलीत तर. गाडीला सायलेन्सर असेल. रेस मारणार नाही. तोंडानं हाक मारणार, नाव घेऊन. मी म्हटलं, नाही आली तर? म्हणाला, "न्हाई आली तर गल्ली हसंल. हसू दे. आली तर माझ्यामागं आली, पुंगळीमागं न्हाई." आत्या आतून ओरडली, "आन आली न्हाई तर तूच शेवंतीमागं पळ, तुला सवय हाय म्हशीसारखं वागायची!" तो हसला. मार्चनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्याला गाडी देऊ नका, मला तुकडा देऊ नका, दोघांना घरात घेऊ नका. सगळं तुमच्या हातात आहे. पण आता जे ठरवाल ते खरं ऐकून ठरवाल.

राहिलं माझं.

भाऊबीजेला तुम्ही आत्याकडं येणार. आजवर एकदाही चुकवलेली नाहीत, बुलडोझर लावून गाव उठवलं त्या वर्षीसुद्धा आला होतात, आत्या सांगते. या वेळी तुमचा पाट दारात मांडायचा आहे, पाण्याकडं पाठ करून. आत्या ओवाळायला लागली की मी बोट काढीन, काठाजवळून नेईन, मागं दोरीवर माणूस घेऊन. ती कधी गेली हे मागं न वळता तुम्हाला सांगता आलं, तर मी त्याच संध्याकाळी दोर सोडीन आणि बोट परत गोव्याला विकीन. कुणाला एक शब्द बोलणार नाही. नाही सांगता आलं, तर तो तुकडा धक्क्यासाठी माझ्याकडं राहील आणि त्याबद्दल पुन्हा निरोप येणार नाहीत. पिराजीकाका पंच. ते म्हणतात, "आकारामला कानानं फसवनं सोपं न्हाई, पोरी, इचार कर." केला. मी फसवत नाहीय.

पण एक सांगून ठेवते, म्हणजे मागून लबाडी केली म्हणू नका. फळीवर यशराज असेल. तो कधी उभा राहिलेला नाही, त्यामुळं तो बहुतेक पडेल, आणि पडला की ओरडेल. ते तुम्हाला ऐकू आलं तर चालेल. ते बोटीच्या आवाजात धरायचं नाही. मला ते ऐकू आलंच पाहिजे.

पाकीट डकवलेलं नाही. घेऊन तोच येतोय. दुधाच्या गाडीतून, पुढच्या सीटवर, पिराजीकाकांच्या शेजारी बसून. संध्याकाळच्या पूजेच्या आत पोचेल. दार लावून घेऊ नका. तो बाहेर उभा राहून गाडीची रेस मारणार नाही, नुसती हाक मारेल.

धक्क्यावरून,
बोट तिथंच बांधून,
तुमची निशिगंधा